मान आधी, धड नंतर: खान्देशात बेस गिटार बनवून घेताना लाकूड कसं निवडावं

अहिराणी गाण्यांचे स्टेज शो, लग्नाचे ऑर्केस्ट्रे, कॉलेजचे बँड. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे यांत बेसचं, म्हणजे खालच्या जाड स्वरांचं, काम अनेकदा कीबोर्डच्या डाव्या हातावर भागवलं जातं. तरी खरी बेस गिटार वाजवणारे आहेत, आणि त्यांतला एखादा पैसे साठवून स्वतःच्या मापाची बेस बनवून घ्यायचं ठरवतो. कारागीर त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘लाकूड कोणतं घेऊ?’ इंटरनेटवर शोधलं की यादी तयार असते: ॲल्डर, स्वॅम्प ॲश, मेपल, महोगनी, वेंगे. प्रत्येकापुढे आवाजाचं एक विशेषण चिकटवलेलं. त्या यादीत खान्देशातला मे महिना कुठेच नसतो. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव धडाच्या बेसमध्ये लाकडाचा सगळ्यात मोठा प्रश्न आवाजाचा नाही. मान सरळ राहते का, आणि खांद्याला वजन झेपतं का, हे दोन प्रश्न आधी येतात. आवाजाचा प्रश्न आहे, पण तोही धडापेक्षा मानेशी जास्त जोडलेला आहे.

ॲल्डर आणि ॲश आले कुठून

लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणली. धड ॲशचं, मान मेपलची. १९५६ च्या सुमारास धडासाठी ॲल्डर वापरायला सुरुवात झाली. ॲल्डर हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मुबलक वाढणारं, स्वस्त, हलकं आणि रंग चांगला धरणारं लाकूड. कारखान्याला ते परवडत होतं. पुढे त्या बेसवर इतकं संगीत वाजलं की तोच आवाज कानात मुरला, आणि कारखान्याच्या सोयीचं लाकूड सगळ्या जगाचं माप झालं.

ॲशची गोष्ट तर आता उलटली आहे. २००२ साली मिशिगनमध्ये आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला. तो ॲशच्या सालीखाली पोखरतो. त्याने उत्तर अमेरिकेतली कोट्यवधी झाडं मारली, आणि २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या उत्पादनातून ॲश जवळजवळ काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. ज्या लाकडाला आपण बेसचं लाकूड समजतो ते मिळण्याजोगं होतं म्हणून बेसचं झालं, आणि मिळेनासं झालं तशी कंपनीही त्यापासून दूर गेली. मग जळगावच्या माणसाने आपल्या आसपास काय मिळतं हे आधी पाहिलं तर त्यात कमीपणा कसला?

तार, पिकअप आणि लाकूड

बेसची तार पोलादी असते. पिकअपमधलं चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं त्या पोलादाच्या थरथरण्यातून वीज बनवतं. लाकडाची थरथर पिकअपला थेट ऐकू येत नाही. लाकूड फक्त एवढं ठरवतं की तारेची ताकद दोन्ही टोकांतून किती वेगाने गळून जाते, आणि कोणत्या स्वरावर जास्त गळते.

एका टोकाला ब्रिज, म्हणजे तारा धडाशी अडकवणारा भाग, जड आणि धडाला घट्ट बसवलेला. दुसऱ्या टोकाला लांब, बारीक मान. जास्त कोण हलणार हे उघड आहे. नेहमीच्या बेसवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या थोडी पुढे. मानेला स्वतःची एक कंपनगती असते. वाजवलेला स्वर तिच्या जवळ आला की मान तारेची ताकद पिऊन टाकते आणि तो स्वर लवकर विझतो. याला डेड स्पॉट म्हणतात. फेंडर पद्धतीच्या बेसवर तो बहुधा सर्वात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास सापडतो. ज्यांच्याकडे बेस आहे त्यांनी हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाला, सुताराचा छोटा शिकंजा लावून तोच स्वर पुन्हा वाजवावा. वजन वाढलं की मानेची कंपनगती उतरते आणि डेड स्पॉट जागा बदलतो. लाकूड आवाजात कुठे हात घालतं हे त्या एका प्रयोगात कळतं.

नव्या आणि जुन्या तारांमधला फरक, पिकअप ब्रिजपासून किती अंतरावर आहे, बोटं कुठे पडतात, या तिन्हींचा आवाजावरचा परिणाम धडाच्या लाकडाच्या जातीपेक्षा मोठा आहे. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने धड आणि मान दोन्ही कार्बन तंतू व रेझिनची केली. लाकडाचा तुकडा नसलेली ती बेस व्यावसायिक वादकांनी आनंदाने वाजवली. म्हणून धडासाठी परदेशी लाकूड मागवण्यात बजेटचा मोठा वाटा घालवू नये. तो पैसा मानेत आणि पिकअपमध्ये घालावा.

लाकूड का हलतं, आणि खान्देशात जास्त का

कापलेलं लाकूड आयुष्यभर हवेशी पाण्याची देवघेव करत राहतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी पडते. हवेतली सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांवर टिकली तर लाकडातलं पाणी हळूहळू त्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत उतरतं. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली तर तेच लाकूड १५ टक्क्यांकडे चढू लागतं. ऋतू बदलत असल्यामुळे आणि पॉलिशमुळे ते या दोन्ही टोकांना पूर्ण पोचत नाही. पण समुद्रकाठी बांधलेलं वाद्य तिथल्या दमट हवेत एका पातळीवर स्थिरावलेलं असतं. ते एप्रिलात खान्देशात आलं की आकसतं, आणि मानेच्या कडेने फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात.

आपल्याकडे आणखी एक घटक आहे, तो म्हणजे कूलर. रात्रभर गवताच्या ताट्यांतून ओली हवा, दिवसा बंद खोलीत रखरख. बेस कूलरच्या झोतात उभी ठेवली तर चोवीस तासांत तिला दोन हवामानं भोगावी लागतात. लाकूड कितीही चांगलं निवडा, बेसची जागा कूलरपासून दूर आणि केसमध्येच हवी.

लाकूड हे ज्वारीच्या कडब्याच्या पेंढीसारखं आहे. पेंढी भिजली की जाड होते, लांब होत नाही. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आणि रुंदीतही दोन दिशा आहेत: वाढीच्या वलयांच्या कडेने ते जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत हार्ड मेपल वलयांच्या कडेने ९.९ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे ४.८ टक्के. सागवानासाठी हेच आकडे ५.८ आणि २.५ आहेत, आणि शिसवाचे जवळपास सागवानाइतकेच.

याचं रोजच्या मापात रूपांतर करू. मान ६० मिलिमीटर रुंद धरा, आणि लाकडातलं पाणी १२ टक्क्यांवरून ६ वर आलं असं धरा. वलयं आडवी असलेलं मेपल सव्वा मिलिमीटरच्या आसपास आकसेल. तसंच कापलेलं सागवान पाऊण मिलिमीटर. वलयं उभी ठेवून कापलेलं सागवान फक्त एक-तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे जात बदलल्याने जितका फायदा होतो तितकाच, किंबहुना थोडा जास्त, नीट चिरून घेतल्याने होतो. दोन्ही केलं तर हालचाल पावपटीवर येते.

उभ्या वलयांचा तुकडा ओळखायला फळीचं टोक पाहावं. सागवानाची वलयं उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. फळी सपाट ठेवल्यावर टोकावरची वलयं उभ्या रेघांसारखी दिसली की हवा तो चिराव. हसऱ्या तोंडासारखी वाकलेली दिसली की तो सपाट चिराव. आरागिरणीत ओंडक्यातून अशा उभ्या फळ्या कमीच निघतात, म्हणून वखारीत ढीग उलथावा लागतो. तेवढी तसदी घ्यावीच.

मानेचं लाकूड

चार तारा मिळून मानेला ७५ ते ८० किलोंच्या आसपास ओढ देतात, दिवसरात्र. पाच तारांच्या बेसवर आणखी. त्यामुळे मानेला ताठपणा हवा, आणि पीळ अजिबात नको. मान धनुष्यासारखी पुढे वाकली तर आतला ट्रस रॉड, म्हणजे मानेत बसवलेली लोखंडी सळी, फिरवून सरळ करता येते. पण पीळ घेतलेल्या मानेला ट्रस रॉडचा उपयोग नाही. पीळ येतो तो तिरक्या रेषेमुळे, म्हणजे लाकडाचे तंतू तिरके गेल्यामुळे. रेषा मानेच्या लांबीशी समांतर नसेल तर रुंदीतलं आकसणं लांबीत शिरतं, एक कड दुसरीपेक्षा जास्त ओढली जाते. फळीच्या बाजूवर शाईचा थेंब टाका. शाई रेषेच्या दिशेने पसरते. कडेशी समांतर पसरली तर ठीक. तिरकी गेली तर ती फळी कपाटासाठी चांगली, मानेसाठी नाही.

सागवानाचा ताठपणा हार्ड मेपलच्या जवळ आहे, वजन थोडं कमी आहे आणि आकसणं कितीतरी कमी. म्हणून खान्देशात मानेसाठी माझी पहिली पसंती उभ्या वलयांच्या जुन्या सागवानाला आहे. शक्य असेल तर तीन किंवा पाच पट्ट्या जोडून, मध्ये शिसवाची एखादी पट्टी घालून. एकाआड एक पट्टी उलटी फिरवून चिकटवली की त्यांचे कल एकमेकांना धरून ठेवतात. असं जोडकाम सजावटीसाठीही करतात, पण त्याचं खरं काम हे आहे.

सागवानाच्या दोन खोडी कारागिराला आधी सांगाव्या लागतात. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे डिंक धरत नाही. रंधा मारल्यावर लगेच, पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून, त्याच बैठकीत चिकटवावं. पांढऱ्या फेव्हिकोल-प्रकारच्या डिंकापेक्षा सागवानाला इपॉक्सी बरं. आणि त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशी आणि रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. आपल्या सुतारांना हे ठाऊक असतं. गिटार बनवणारा फक्त मेपलवर शिकलेला असेल तर त्याला नसेल.

जाडीबद्दलही बोलायला हवं, कारण ती फुकट मिळते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. मान २१ मिलिमीटरऐवजी २३ केली तर ताठपणा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. एवढा फरक लाकडाची जात बदलून क्वचितच मिळतो. हात लहान असेल तर नको, पण हातात बसत असेल तर ते दोन मिलिमीटर नक्की मागावेत.

फ्रेटबोर्डसाठी, म्हणजे मानेवरच्या बोटं टेकवायच्या पट्टीसाठी, शोध लांब न्यायची गरजच नाही. जगभरच्या गिटारांवर जे इंडियन रोझवुड बसवतात ते म्हणजे आपलं शिसव. कठीण, तेलकट, स्थिर. सातपुड्यात विडीच्या पानांसाठी ओळखली जाणारी टेंभुर्णी ही एबनीच्याच कुळातली. तिचा काळा गाभा सुरेख असतो, पण बहुधा बारीक आणि वेडावाकडा निघतो. फ्रेटबोर्डाइतकी लांब सरळ पट्टी मिळाली तर नशीब समजावं. फ्रेटलेस (फ्रेट नसलेली) बेस करणार असाल तर कठीणपणाला जास्त किंमत आहे, कारण राउंडवाउंड, म्हणजे बाहेरून गोल तारेने गुंडाळलेल्या, तारा मऊ लाकडात चर पाडतात.

धडाचं वजन

इथे हिशेब सरळ आहे. नेहमीच्या आकाराच्या, ४४ मिलिमीटर जाड धडात साधारण ५ लिटर लाकूड असतं. ॲल्डर लिटरमागे सुमारे ४५० ग्रॅम, म्हणजे धड सव्वादोन किलोचं. सागवान सुमारे ६५० ग्रॅम, धड सव्वातीन किलो. शिसव ८३० च्या आसपास, धड चार किलोंच्या पुढे. यावल-सातपुड्याच्या रानातलं अंजन हे देशातल्या सर्वात जड लाकडांपैकी एक, पाण्यात बुडणारं. त्याचं अख्खं धड पाच किलोंच्या वर जाईल, आणि मान, मशिनहेड (तारा ताणायच्या खुंट्या), ब्रिज अजून धरलेच नाहीत. हळदीच्या कार्यक्रमात चार-चार तास उभं राहणाऱ्या माणसाने एकूण वजन चार किलोंच्या आसपास ठेवावं असं माझं ठाम मत आहे. त्यापुढे खांदा आणि कंबर बोलू लागतात.

म्हणून धडासाठी हलकं लाकूड बघावं. शिवण हे माझ्या दृष्टीने सर्वात दुर्लक्षित लाकूड आहे: हलकं, फिकट रंगाचं, सुकल्यावर फारसं न हलणारं, हत्याराला सोपं, आणि वाद्यांसाठी पूर्वीपासून वापरात असलेलं. दुसरं तूण. मिरजेची सतार आणि तानपुरा यांच्या कामात तूण मुरलेलं आहे (या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), आणि वनस्पतिशास्त्राने ते महोगनीच्याच कुळातलं. महोगनीचं धड हवं असेल तर तूण आधी हातात घेऊन बघावं. आंबा चालतो, दिसायलाही देखणा निघतो, पण त्याला घुण लवकर लागतो. प्रक्रिया केलेलाच घ्यावा. बाभूळ आणि खैर धडासाठी नकोत, जड आहेत.

सागवानाचंच धड हवं असा हट्ट असेल, आणि घरच्या जुन्या लाकडाबाबत तो असतोच, तर धड आतून पोकळ करून घ्यावं. कडा, ब्रिजखालचा आणि पिकअपमधला पट्टा भरीव ठेवून दोन्ही पंखांतून मिळून एक लिटर लाकूड काढलं की साडेसहाशे ग्रॅम वाचतात. वरून पातळ पट्टी चिकटवली की बाहेरून काही कळत नाही.

फार हलकं धडही धोक्याचं. मान जड आणि धड हलकं झालं की हात सोडताच हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो, आणि डावा हात वाजवण्याऐवजी मान उचलून धरण्यात थकतो. वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या जवळ पोचेल असा आकार आणि हलके मशिनहेड घेतले की हे बरंचसं सुटतं.

वखारीत आणि जुन्या घरात

खान्देशातली धाब्याची घरं पडत आहेत. त्यांतले सागवानी खांब आणि तुळया मोडीत निघतात. कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेल्या या लाकडाचं सुरुवातीचं आकसणं-वाकणं होऊन गेलेलं असतं. विकत घेताना खिळे शोधायला लहान लोहचुंबक सोबत न्यावं, नाहीतर आरागिरणीवाला हात लावणार नाही. कडेचा पांढरा भाग सोडून द्यावा, घुण तिथेच लागतो. गाभाच घ्यावा. तुळई खूप जाड असेल तर ती चिरल्यावर आतला नवा पृष्ठभाग पुन्हा हवेशी जुळवून घेतो, म्हणून चिरून लगेच मान कोरायला बसू नये.

नवं लाकूड घेताना ‘भाऊ, हे कधी चिरलं?’ एवढं विचारून भागत नाही, उत्तराची खात्री करावी लागते. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर फळी दर आठवड्याला काट्यावर तोलावी आणि वजन लिहून ठेवावं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरातल्या हवेशी जुळलं. मानेसाठी ८ ते १० टक्के ओलावा हा आपल्याकडे चांगला मध्य आहे. सुकत असताना फळीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावावा. मेमधल्या उन्हाळी वाऱ्यात टोकं आधी सुकतात आणि फाटतात.

घनता काढायलाही तोच काटा पुरतो. ५० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, साडेचार जाड फळी म्हणजे ७,८७५ घन सेंटिमीटर. वजन ५.१ किलो भरलं तर लिटरमागे सुमारे ६५० ग्रॅम. एकाच जातीच्या दोन फळ्यांत बराच फरक निघतो, म्हणून जातीच्या नावापेक्षा हा आकडा विचारात घ्यावा. वखारीत भाव घनफुटावर असतो. धडाला वाया जाणारं धरून साधारण एक-तृतीयांश घनफूट लागतं, मानेला एक-दशांशाच्या आसपास. इतक्या कमी मालासाठी उत्तम प्रत मागितली तरी खिशाला फार जड जात नाही.

पावती मात्र घ्याच. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, अंजन अशी झाडं आहेत, आणि वाहतुकीला परवाना लागतो. रानातून कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर नको म्हणावं. बेस परदेशी न्यायची असेल तर शिसवाबद्दलही माहिती हवी. २०१७ पासून शिसवाची सगळी जात-भावंडं आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांत आली, मग २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला ती सूट नाही.

कारागिराला सांगायचं वेळापत्रक

मान आणि फ्रेटबोर्ड चिकटवण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्यावं. तेव्हा हवा ना फार कोरडी, ना दमट. दोन्ही लाकडं मधल्या पातळीवर असताना जोडली की पुढे दोन्ही दिशांना सारखीच आणि कमी हलतात. भर पावसात चिकटवलेली मान पुढच्या एप्रिलात सगळं आकसणं एकाच दिशेला करते. मान आधी जाडसर कापून दोन-तीन आठवडे नुसती ठेवायची, वाकली तर पुन्हा सरळ रंधून घ्यायची, मगच ट्रस रॉडचा खाच पाडायचा. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरणारा घ्यावा, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात मान एकीकडे जाते आणि श्रावणात दुसरीकडे. शक्य असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या दोन पट्ट्याही बसवाव्यात. खर्च थोडा वाढतो, मान ताठ होते.

पॉलिश सगळीकडून सारखं हवं. मानेची पाठ, हेडस्टॉकचं टोक, धडातल्या पिकअपच्या खाचा, स्क्रूची भोकंसुद्धा. जिथे लाकूड उघडं राहतं तिथून पाणी येतं-जातं. वाद्य हातात आल्यावर पहिल्या वर्षी निदान दोनदा सेटअप (मानेची आणि तारांच्या उंचीची जुळवाजुळव) करून घ्यावा, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. उन्हात उभ्या टेम्पोत बेस ठेवून जेवायला जाऊ नये. बंद गाडीत तापमान इतकं चढतं की डिंक मऊ पडू शकतो, आणि ७५ किलोंची ओढ तेव्हाही चालूच असते. लांबच्या प्रवासात तारा थोड्या सैल करून ठेवाव्यात.